केळ्याचं वजन

आजीच्या फडताळात लाकडी फळांची परडी असायची. आंबा, पेरू, सीताफळ, काजूचं बोंड, दोन मिरच्या आणि एक केळं. ते केळं मी चार वर्षांची असताना खरं समजून चावलं होतं. देठाजवळ रंग उडालेले दोन दात अजून दिसतात. आजी गेल्यावर कुणी काय काय नेलं ते जाऊ दे, मी केळं घेतलं.

यंदा मे महिन्यात लेकीला घेऊन सावंतवाडीला गेले, तेव्हा ते पर्समध्ये होतं. म्हटलं, जोडीला तसंच आणखी एक घेऊ. स्टेशन मळगावात, गाव तिथून लांब. पण रिक्षावाल्याला नुसतं ‘चितार आळी’ म्हटलं की पुरतं, लाकडी खेळण्यांची दुकानं असलेली आळी ती. दुकानांत पाट, लाटणी, भोवरे, बैलगाड्या, भातुकलीतलं इवलंसं जातं... आणि त्याच खिळ्याला प्लास्टिकची बंदूकही टांगलेली. त्याबद्दल दुकानदारांना बोल लावायची माझी हिंमत नाही. बंदूक आधी विकली जाते.

केळं मिळालं. रंग जुन्यापेक्षा ताजा, टोकाचा काळा ठिपकासुद्धा झकास. पण एका हातात जुनं आणि दुसऱ्यात नवं धरलं तर नवं चांगलंच जड. दुकानातल्या काकांनी माझं केळं घेतलं, तळहातावर दोनदा उडवलं, नखाने दाताच्या खड्ड्यात खरवडलं.

“ह्यां पांगाऱ्याचां. आता पांगारो गावता खंय?”

पांगारा म्हणजे काटेरी झाड. उन्हाळ्याच्या तोंडाशी पानं झडतात आणि नुसती लाल फुलं उरतात. कोकणात तो कुंपणाला लावायचा नाहीतर मिरवेल चढवायला. इमारतीला त्याचं लाकूड कुणी विचारत नाही, इतकं ते मऊ. पण म्हणूनच कानशीला ऐकतं, वाळलं की हलकं होतं, आणि पोराच्या हातात राहतं.

आमच्या आजोळच्या कुंपणातही पांगारे होते. चिऱ्याचा गडगा बांधायचा म्हणून मामाने ते तोडले. मी तेव्हा तिथेच होते. गडगा छान झाला, असंच म्हटलं होतं मी.

दुपारी राजवाड्यात गेलो. इथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७०च्या दशकात गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांची कला, पुन्हा उभी केली, तेव्हापासून इथे चितारी बसून रंगवतात. एक बाई गोल पानावर कूर्मावतार रंगवत होत्या. ब्रशचं टोक इतकं बारीक की लेक श्वास रोखून उभी राहिली. दशावतारी गंजिफेची पानं १२०: दहा अवतार, प्रत्येकाचे राजा, वजीर आणि एक ते दहा. पूर्वी पानं कापडाची असत. चिंचोक्याची खळ लावून कापड ताठ करायचं, वर खडूचा थर देऊन घोटायचं, मग रंग, मग लाख. दिवसा खेळ रामाने सुरू करायचा, रात्री कृष्णाने. लेकीने लगेच विचारलं, “आणि संध्याकाळी?” मला उत्तर आलं नाही. (आजीला आलं असतं. ती पत्त्यांत सर्रास लबाडी करायची.)

जड केळं घेतलंच शेवटी. तेही हातानेच घडवलेलं आहे, त्याचा काय दोष.

परतताना गाडीतून मामाला फोन केला. पांगाऱ्याची फांदी पावसाच्या तोंडी नुसती खोचली तरी रुजते, हे त्यानेच मला लहानपणी सांगितलं होतं. म्हटलं, दोन फांद्या लाव ना.

“खंय लावू? गडगो आसा मगे.”

मी म्हटलं, विहिरीमागे. तिथे पंपाची खोली बांधायला काढलीय म्हणे.