लॉजिकमधलं गाणं रीपरमध्ये आणताना

गाणं ज्या सॉफ्टवेअरमध्ये बनवलंत, त्यातली प्रोजेक्टची फाइल मला पाठवू नका. कोथरूडला घरातल्याच एका खोलीत मी मिक्सिंग करते आणि काम घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला हे फोनवरच सांगून टाकते. पलीकडून उत्तर ठरलेलं असतं, "अगं, पण त्यातच तर सगळं आहे!" असतं ना. पण ज्याच्या कॉम्प्युटरवर ते बनलंय, त्याच्यापुरतंच.

कोण कुठलं सॉफ्टवेअर वापरतं याला पुण्यात काही धरबंध नाही. पुरुषोत्तम करंडकाचे, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेचे दिवस आले की कॉलेजची पोरं एफएल स्टुडिओ नाहीतर आयपॅडवरचं गॅरेजबँड घेऊन दारात उभी. भावगीतवाल्या मंडळींकडे मॅक आणि त्यावर लॉजिक. लॉ कॉलेज रोडच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून आलेले प्रो टूल्सखाली उतरत नाहीत. आणि मी विंडोजवर रीपर चालवते. २००२ साली ॲपलने लॉजिक बनवणारी एमॅजिक कंपनी घेतली आणि लॉजिक विंडोजवरून गेलं ते गेलंच, त्यामुळे लॉजिकची फाइल माझ्याकडे नुसती शोभेला.

मधले मार्ग आहेत, नाही असं नाही. ओएमएफ आणि एएएफ हे फाइलचे दोन प्रकार मुळात सिनेमाच्या एडिटिंगवरून साउंडवाल्याकडे काम पोचवायला केलेले. कुठला तुकडा कुठे आहे, कुठे फेड आहे, आवाज कुठे वरखाली केलाय एवढं ते नेतात. प्लगइन, म्हणजे आवाजावर काम करणारे जोडप्रोग्रॅम, नेत नाहीत, मिडी, म्हणजे सुरांची नुसती नोंद, तीही नेत नाहीत, आणि ओएमएफ तर दोन जीबीला थकतं. संवादांसाठी ठीक, गाण्यात मात्र निम्मा जीव त्या न नेलेल्या गोष्टींतच असतो. २०२३मध्ये बिटविग आणि प्रीसोनस या कंपन्यांनी मिळून डॉप्रोजेक्ट नावाचा खुला प्रकार आणला. तो मिडी, ऑटोमेशन (गाणं चालताना आपोआप होणारे बदल), दोन्हीकडे असतील तर प्लगइनच्या सेटिंगसुद्धा नेतो. कल्पना झकास आहे, पण माझी गिऱ्हाइकं लॉजिक आणि एफएलची, तेव्हा मला त्याचा उपयोग जवळपास शून्य.

म्हणून मी मागते ते साध्या वेव्ह फाइल. प्रत्येक ट्रॅकची एक, सगळ्या गाण्याच्या शून्य सेकंदापासून सुरू होणाऱ्या, शेवटापर्यंत. बासरी फक्त मधल्या म्युझिकला वाजते तरी तिची फाइल पूर्ण लांबीची. "एवढी शांतता कशाला पाठवू?" असं सहकारनगरच्या दादांनी विचारलं होतंच. दादा चाली बांधतात, आणि त्यांच्याच एका गाण्यामुळे हे सगळं लिहायला बसले. बावीस ट्रॅक, सहा मिनिटं, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट, म्हणजे मोनो असले तर सव्वा जीबीच्या आत. पेनड्राइव्हवर हसत मावतं. आणि बासरी नेमकी कुठे ठेवायची हा प्रश्न माझ्याकडे उरत नाही.

आपल्याकडच्या रेकॉर्डिंगला हे शून्याचं प्रकरण जास्तच लागू आहे, कारण आपण एकाच खोलीत बसून वाजवतो. पेटीच्या माइकमध्ये तबला शिरतो, तबल्याच्या माइकमध्ये पेटी. यातली एखादी फाइल दहा मिलिसेकंदांनी जरी सरकली तरी तबला पोकळ, नळीतून आल्यासारखा ऐकू येतो, आणि मग माणसं तबलजीला बोल लावतात.

दुसरी मागणी सॅम्पल रेटची, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती हजार नमुने घेतले त्याची. एकदा एका एकांकिकेचं गाणं ४४.१वर रेकॉर्ड झालेलं होतं आणि कोणीतरी रूपांतर न करता ते ४८च्या सेशनमध्ये ओढलं. पाच मिनिटांचं गाणं चार मिनिटं छत्तीस सेकंदांत संपलं. पोरांना वाटलं, लय छान चढलीये. पेटीवाले काका आले, सूर धरायला गेले आणि थांबले. "हे गातायत कुठे? पांढरी दोनच्या वर, काळी दोनच्या खाली. ही पट्टी माझ्या पेटीत नाही!" मूळ गाणं काळी एकचं. हिशेब केला तर दीड स्वरपट्टीला जरा कमी एवढं ते वर गेलं होतं. काकांनी ते कानाने दोन सेकंदांत सांगितलं.

आता खरा वादाचा विषय. इफेक्ट लावून पाठवायचं की कोरं? काही जण सरसकट कोरं मागतात. मला ते पटत नाही. गिटारचा ॲम्प, गायिकेच्या टेकमधून निवडून जोडलेल्या ओळी, सूर सावरण्याचं काम, हे सगळं त्या गाण्याचं अंग आहे. ते पक्कं करूनच पाठवा, मी ते पुन्हा करायला बसणार नाही. तबल्यावरचा कॉम्प्रेसर, म्हणजे आवाजाचे चढउतार दाबणारा इफेक्ट, मात्र काढा. रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, तोही काढा, पण तो वेगळ्या ट्रॅकवर सोबत द्या, कारण गायिका हेडफोनमध्ये तोच ऐकत गायली आहे आणि शेवटचा सूर किती धरायचा हे तिने त्यावरून ठरवलंय. आणि तुमचा कच्चा मिक्स पाठवा, एमपीथ्री चालेल. बावीस फाइलींपेक्षा मी तोच जास्त ऐकते. पेटी किती मागे आहे, ते त्यात कळतं.

मिडीचे ट्रॅक असतील तर आवाज आणि मिडी दोन्ही हवेत. १९८३ची ती भाषा आजही सगळ्या प्रोग्रॅमना कळते, पण तिच्यात कुठला सूर, कधी, किती जोरात, कुठल्या टेम्पोत अशा सूचनाच असतात, प्रत्यक्ष आवाज नसतो. तुमच्या लॉजिकमधली व्हायोलिन माझ्याकडे भलत्याच वाद्यात वाजतील.

दादांच्या गाण्यात गोम इथेच होती. गाणं सात मात्रांच्या रूपकात, तबला क्लिकशिवाय, म्हणजे कानात यंत्राचा ठोका न घेता वाजवलेला (आणि तो तसाच वाजवावा असं माझं मत आहे), आणि प्रोजेक्ट मात्र लॉजिकने आपण होऊन दिलेल्या १२० टेम्पोवर, चार-चारच्या मोजणीत. ऐकायला काही बिघडत नाही. पण पडद्यावरच्या मात्रांच्या रेघा आणि सम यांची गाठच पडत नाही. दादांना व्हायोलिन पुन्हा लिहायची होती, म्हणजे रेघा जुळवणं आलं. ठोके आपोआप ओळखणारी सोय लावून पाहिली, तर ती चौथ्या मात्रेवर जाऊन बसली. रूपकाची समच "खाली", म्हणजे डग्ग्याविना असते! समेवरच्या "तीं"ला डग्गा नाही, ग्राफवर तो बारीकसा दिसतो; पहिला मोठा उंचवटा येतो तो "धी"चा. सॉफ्टवेअरला ते कोण सांगणार?

मग हाताने. आधी रीपरचा टाइमबेस, म्हणजे फाइल टेम्पोला बांधायच्या की घड्याळाला हे ठरवणारं सेटिंग, "टाइम"वर, कारण मूळ सेटिंगला टेम्पो बदलला की आवाजाच्या फाइल ताणल्या जातात. मग सात-चारची मोजणी, आणि कानाने समेवर खूण, आवर्तनामागून आवर्तन, सत्तरेक. मुखड्याला आवर्तन सव्वापाच सेकंदांचं, म्हणजे मिनिटाला ८० मात्रा. अंतऱ्यात ते पाचवर येतं, म्हणजे ८४. तबलजींनी लय कुठे सोडली, कुठे आवरली, सगळं एका रेघेत दिसायला लागतं. तो टेम्पो मिडी फाइलमध्ये घालून दादांना परत पाठवला. ती फाइल उघडताना लॉजिक टेम्पो घेऊ का विचारतं, तिथे हो म्हणायचं. त्यांची नवी व्हायोलिन माझ्याकडे आली ती तंतोतंत.

मिक्स झाल्यावर दादांचा फोन. कार्यक्रम आहे, गायिका आणि तबला प्रत्यक्ष, बाकी ट्रॅकवर, तेवढं काढून द्या. मी मास्टरवरचा लिमिटर, म्हणजे सगळ्या मिक्सच्या आवाजाला वरून मर्यादा घालणारा इफेक्ट, बंद करून तबला, पेटी, बासरी-व्हायोलिन, गायन असे गट वेगळे काढले. एकत्र लावले, त्यांच्यासमोर लिमिटरशिवायचा मिक्स फेज उलटा करून ठेवला, म्हणजे जे सारखं ते एकमेकांना खोडतं, आणि जवळजवळ सगळं गप्प. बरोबर उतरलं. मग तबला आणि गायन बंद करून उरलेलं ऐकलं, तर पेटीच्या मागून माइकमध्ये शिरलेला तबला छान वाजतोय.

दादांना म्हटलं, अहो, पेटीपण प्रत्यक्षच घ्या. काकांना विचारते.