लातूर रोडला उतरलो, तेही येळवशीच्या दिवशी

लातूर रोड म्हणजे लातूर नव्हे. ज्यांना एवढंच हवं होतं त्यांनी इथं थांबलं तरी चालेल. बाकीच्यांनी माझी फजिती वाचा, तुमचे पाचशे रुपये आणि पायाचे दोन फोड वाचतील.

परभणीहून लातूरला जायचंय, असं ऑफिसात नुसतं म्हणालो आणि शेजारच्या टेबलावरून सल्ला आला, "लातूर रोडचं तिकीट काढा. बाहेर पडलं की ऑटो. दहा मिनिटांत गंजगोलाई." (गंजगोलाई म्हणजे लातूरची मुख्य बाजारपेठ.) सांगणारे गृहस्थ चार वर्षं नाशिकला होते. नाशिक रोड नाशकातच आहे, म्हणजे जगातले सगळे 'रोड' आपापल्या गावातच असणार, असा त्यांचा हिशोब. मी तो तपासला नाही, ही माझी चूक. तपासलं असतं तर कळलं असतं की लातूर रोड चाकूर तालुक्यात आहे आणि तिथून लातूर शहर तीसेक किलोमीटर लांब आहे.

हे स्टेशन अक्कलकोट रोड, गाणगापूर रोड यांच्या जातकुळीतलं. त्या गावाला जायचंय तर इथं उतरा आणि पुढचं तुमचं तुम्ही बघा, एवढाच त्या 'रोड'चा जुना अर्थ. निजामाच्या राज्यात विकाराबाद-परळी लाइन टाकली ती बीदर, उदगीर करत आली आणि लातूरला बगल देऊन परळीला गेली. लातूरला १९११ पासून कुर्डुवाडीकडून बार्शी लाइट रेल्वेची, अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी यायची. (कुर्डुवाडीचं जुनं नावही बार्शी रोडच. म्हणजे फसण्याची परंपरा मोठी आहे.) ती छोटी लाइन कुर्डुवाडीपर्यंत रुंद व्हायला २००८ उजाडलं.

आता या जंक्शनवरून तीन वाटा फुटतात: एक परळीकडे, एक उदगीर-बीदरकडे, एक लातूर-कुर्डुवाडीकडे. तुमची गाडी कुठं वळते ते तिकिटाआधी बघा. नांदेड-पनवेल लातूरला जाते. नांदेड-बंगळूर लातूरला जात नाही, लातूर रोडहून ती उदगीरची वाट धरते. पनवेलवाली लातूरला रात्री पोचते म्हणून आम्हीच ती नको म्हटली होती. शहाणपण केलं आणि दिवसाउजेडी माळावर उतरलो. तिकीट काढताना स्टेशनचा कोडही वाचा. लातूर म्हणजे एलयूआर, लातूर रोड म्हणजे एलटीआरआर. मोबाईलवर दोन्ही नावं एकाखाली एक येतात आणि घाईत अंगठा खालच्यावर पडतो.

बरोबर आतेभाऊ होता. पाठीवर एकेक बॅग, पायात बूट, दोघांत मिळून एक लिटर पाणी. परभणी ते परळी मजेत गेलं. गंगाखेडला पुलावरून गोदावरी बघितली, परळीला गाडी बराच वेळ उभी राहिली तेव्हा चहा झाला. त्याबद्दल तक्रार नाही.

लातूर रोडला उतरलो तेव्हा साडेदहा झाले होते. आमच्याबरोबर सात-आठ जण उतरले. त्यांना न्यायला मोटारसायकली आल्या होत्या, पाच मिनिटांत सगळे गेले. जंक्शन म्हटल्यावर आमच्या डोळ्यांसमोर वडे तळणाऱ्या कढया, पेपरवाला, हमाल. इथं चहाची टपरी बंद, तिच्यापुढं पालथी घातलेली बादली आणि बादलीवर बसलेलं मांजर. फलाटावरच्या नळाला गुळणी केल्यासारखं पाणी येत होतं. मला ती पाण्याची रेल्वे आठवली. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आली, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर घेऊन. आतेभावाला म्हटलं, इथंच थांबू, येईल एखादी. तो म्हणाला, "दादा, ती कुर्डुवाडीकडून आली होती. तीसुद्धा लातूर रोडला आली नाही."

बाकावर मफलर गुंडाळलेले एक जण ऊन खात बसले होते.

"काका, लातूरला गाडी कधी आहे?"

"आता संध्याकाळी."

"ऑटो मिळंल का बाहेर?"

"आज येळवस हाय. आज कोण भेटंल तुम्हाला?"

येळवस म्हणजे वेळ अमावास्या, मार्गशीर्षातली. आम्ही परभणीचे. आमच्याकडे अमावास्या म्हटली की फार तर गाडीला लिंबू-मिरची. लातूर-धाराशिवकडे मात्र या दिवशी अख्खं गाव शेतात असतं. दुकानं बंद, घराला कुलूप, जिल्ह्यात स्थानिक सुट्टी. नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेली माणसंसुद्धा या दिवसासाठी रजा टाकून येतात. नेमका तोच दिवस आम्ही 'गर्दी नसेल' म्हणून निवडला. गर्दी नव्हतीच.

स्टेशनबाहेर एकच ऑटो होता आणि मागच्या सीटवर त्याचा मालक पाय बाहेर काढून झोपलेला. उठवला.

"लातूर?"

"बाराशे."

"अहो, एसटीला शंभराच्या आत काम होतं."

"मग एसटीनं जावा."

आणि परत झोपला. घासाघीस करायची संधीसुद्धा दिली नाही. सणाच्या दिवशी माणूस जास्त मागणार हे मला मान्य आहे. रिकामं परत यावं लागतं, तेही मान्य. पण समोरच्याला दुसरा इलाज नाही हे ओळखून डोळे मिटून सांगितलेला भाव मला देववत नाही. आतेभाऊ म्हणत होता, देऊन टाकू. मी ऐकलं नाही. आज विचाराल तर सांगेन, आठशेपर्यंत येत असेल तर देऊन टाका. त्या दिवशी मात्र मी बॅग उचलली आणि मोठ्या रस्त्याला लागून लातूरच्या दिशेनं चालायला सुरुवात केली. मागून एखादी एसटी येईल, हात करू.

एसटी दोन आल्या. दोन्ही थांबल्या नाहीत. आम्ही थांब्यावर नव्हतो, त्यामुळे चालकाला दोष देत नाही. थांबा कुठं आहे हे सांगायला मात्र वाटेवर माणूस नव्हता.

हा तुकडा नीट लिहितो, कारण सगळ्या सहलीत चुकवण्यासारखं एवढंच आहे. डिसेंबरचं ऊन कोवळं असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी अकरा वाजता या डांबरावर उभं राहून दाखवावं. सावली नाही. रस्त्याची पांढरी पट्टी आणि बाजूचं गवत यांच्यात दीड हात जागा, ती आपली. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर जवळून गेला की दीड हाताचा अर्धा हात होतो आणि वरून लोंबणारं वाढं कानाला लागतं. अर्ध्या तासानं आतेभावाला सुचलं की शेतातून तिरकं गेलं तर वळण वाचेल. वळण वाचलं नाही. कालच पाणी दिलेला हरभरा होता. काळ्या मातीनं दोन्ही बूट असे धरले की उजवा पाय वर आला आणि बूट खालीच राहिला. तो काढेपर्यंत डावा रुतला. नंतर दगडावर बसून काडीनं चिखल खरवडला, पण प्रत्येक बूट अर्धा किलोनं जड झालेला तो लातूरपर्यंत तसाच. बूट नवे असतील तर शेतात शिरू नका, जुने असतील तरी शिरू नका. पाणी माणशी दोन लिटर घ्या. पाऊण तासात आमचं संपलं होतं.

दीड तास चाललो असू. तुरीच्या फडाकडून हाक आली, "ओ पाव्हणं, उन्हातान्हाचं कुठं निघालाव? जेवून जावा."

आम्ही आधी नाही म्हटलं, लोक म्हणतात तसं. दुसऱ्यांदा हाक आली तेव्हा आतेभाऊ बांध ओलांडून पलीकडे होता.

पंधरा-वीस माणसं होती. लिंबाच्या झाडाखाली ताडपत्री, पोरांचा झोका बांधलेला. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेली कोपी, तिच्यावर नवी शाल, आत चुना लावून मांडलेले पाच दगड, ते पांडव. पूजा होऊन गेली होती. एका आजींनी काही न विचारता मडक्यातून ग्लास भरून दिला. आंबील. ताकात ज्वारीचं पीठ शिजवून केलेली, थंडगार, वर लसणाचा ठेचलेला तुकडा तरंगत होता. ग्लास बाहेरून घामेजलेला. पहिला ग्लास कुठं गेला कळलं नाही, दुसऱ्याला आंबटपणा कळला, तिसऱ्याला लसूण. चौथा मागायची लाज वाटली, पण आजींनी भरलाच होता.

मग भज्जी. पुण्याच्या लोकांसाठी सांगतो, ही कढईतली भजी नव्हेत. तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे, वांगी, गाजर, मेथी, जे जे रानात आहे ते सगळं चिंचेच्या पाण्यात शिजवून बेसनानं घट्ट केलेलं. दिसायला काही नाही, हिरवट-पिवळा गोळा. तो बाजरीच्या उंड्याबरोबर, म्हणजे पिठाच्या उकडलेल्या गोळ्याबरोबर खायचा. उंडा कोरडा लागतो, घाई केली तर घशात बसतो, म्हणून परत आंबील. शेवटी गव्हाची खीर. मी आजवर लातूर जिल्ह्यात पैसे देऊन जे काही खाल्लं त्यातलं एकही याच्या जवळ येत नाही. शक्य असेल तर याच दिवशी जा. मघाशी लिहिलेलं सगळं विसरा आणि येळवशीलाच जा.

त्यानंतर आम्ही गोणपाटावर पाऊण तास झोपलो, त्यामुळे वरचा सल्ला पोट भरलेल्या माणसाचा आहे हे ध्यानात ठेवा. ओळखीपाळखीचं कुणी त्या भागात असेल तर येळवशीला जा. नसेल तर आदल्या दिवशी तरी लातूरला पोचा.

तिथल्याच एका पोरानं फोन करून ओळखीचा ऑटो बोलावला. अष्टामोडपर्यंत सोडायचं ठरलं. तिथं उदगीर आणि नांदेड दोन्हीकडचे रस्ते मिळतात, त्यामुळे एसटी मिळतेच. ऑटोवाला म्हणाला, दोनशे. बसलो. अष्टामोडला उतरल्यावर दोनशेची नोट पुढं केली तर, "दोनशे एकाचे. चारशे द्या. अन् शंभर ब्यागांचे."

"बॅगांचे कसले?"

"ब्यागा काय उडत आल्या का?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही. पाचशे दिले. ज्या माणसानं बाराशेत थेट लातूरला सोडलं असतं त्याला नाही म्हणून दीड तास चाललो, आणि शेवटी थोडक्या अंतराला पाचशे मोजले. बसायच्या आधी तीन गोष्टी मोठ्यानं बोलून घ्या: किती जणांचे, कुठपर्यंत, सामानासकट की नाही. समोरचा हो म्हणाला की परत एकदा विचारा.

अष्टामोडला दहा मिनिटांत उदगीरहून येणारी लालपरी आली. निम्मी रिकामी. लातूरला पोचलो तर गंजगोलाईत शटरं खाली. सोळा रस्ते तिथं एकत्र येतात, सोळाही मोकळे. मधल्या जगदंबेच्या देवळापाशी फुलवाला तेवढा होता. लॉजवर पोरगा गोधडी पांघरून टीव्ही बघत होता. जेवायला काही मिळणार नाही म्हणाला. आम्हाला नकोच होतं.

दुसरा दिवस खरोसा लेणी आणि औशाचा किल्ला. औशाहून निलंग्याच्या रस्त्याला खरोसा लागतं. टॉर्च न्या. छान झालं, वेगळं सांगण्यासारखं काही नाही. संध्याकाळी गाड्यावर निलंगा राईस खाल्ला, तिखट होता.

तिसऱ्या दिवशी उदगीर. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवलं ते उदगीर. किल्ला बघाच, अर्धा दिवस ठेवा. पण परभणी-नांदेडकडून फक्त उदगीरसाठी येणार असाल तर लातूर-बितूर मधे आणूच नका. बंगळूरकडे जाणारी गाडी थेट उदगीर स्टेशनात थांबते. आम्ही एसटीनं गेलो आणि एसटीनंच लातूरला परतलो, कारण परतीचं तिकीट लातूरहून होतं.

परतीला पनवेल-नांदेड. लातूरला अपरात्री येते, त्यामुळे स्टेशनवर शाल हवी. फलाटावर क्लासवाली पोरं, एकाच्या मांडीवर पत्र्याची पेटी, पेटीवर पुस्तक, पुस्तकावर डोकं. गाडीत जागा मिळाली आणि लगेच डोळा लागला.

गाडी थांबली तशी जाग आली. खिडकीतून फलाट दिसला, बंद टपरी, पालथी बादली. मांजर नव्हतं. खाली एक बाई पोराला कडेवर घेऊन घाईघाईनं उतरत होत्या, मागं नवरा दोन बोचकी सांभाळत. मी खिडकीची काच वर केली आणि विचारलं, "ताई, लातूरला जायचं नाही ना तुम्हाला?"

"नाही ओ," त्या म्हणाल्या, "आमचं गाव इथलंच हाय."

आतेभाऊ वरच्या बर्थवरून म्हणाला, "दादा, काच लाव. गार वारं येतंय."