अणुस्कुऱ्याचं ते वळण

जूनचा दुसरा आठवडा, पहिल्या पावसाचे दिवस. अणुस्कुरा घाटाच्या पायथ्याकडच्या एका वाडीतून सकाळीच फोन आला होता, गाय माजावर आलीय. मी पशुधन पर्यवेक्षक. राजापूर तालुक्यात 17 वर्षं मोटरसायकलवर फिरतोय. मागे कॅरिअरला द्रव नायट्रोजनचा कंटेनर बांधलेला, त्यात कृत्रिम रेतनासाठीच्या रेतमात्रा. पाचल सोडल्यावर एका डाव्या वळणात समोरून एसटी आली. मी एसटीकडे बघत होतो आणि गाडी एसटीकडेच चालली होती, एवढंच नीट आठवतं. पुढचा ब्रेक मुठीत आवळला, चाक जागीच अडकलं आणि मी ओल्या डांबरावर आडवा झालो.

चालकाने एसटी वेळेत थांबवली, म्हणून आज हे लिहितोय. मान वर केली तर कंटेनरचं झाकण उडालेलं आणि रस्त्यावर पांढरी वाफ पसरत होती. उणे 196 अंशांचा तो द्रव पाण्यावर सांडला की धुकं होऊन जमिनीलगत सरपटत जातो. त्या धुक्यातून कंडक्टर धावत आला. माझं हंसळीचं हाड मोडलं होतं आणि हेल्मेटची हनुवटी घासून पांढरी पडली होती. ते हेल्मेट नंतर वापरलं नाही. एकदा मार खाल्लेलं हेल्मेट बाहेरून कितीही धड दिसलं, तरी आतला थर दबलेला असतो.

सहा आठवडे हात गळ्यात. भेटायला येणारा प्रत्येक जण पावसाला नाहीतर एसटीला दोष देऊन जाई, आणि मीही मान डोलवत असे. पण रात्री झोप येत नसे तेव्हा एकच गोष्ट छळायची. एवढी वर्षं गाडी चालवली, पण जोरात थांबवायची कशी हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मी कुणाला विचारलंही नव्हतं. लायसन्सच्या वेळी आठाचा आकडा काढला, पाय टेकला नाही, झालं.

हात बरा झाल्यावर जुनी 125 सीसी विकली आणि एबीएस असलेली 160 घेतली. आपल्याकडे एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे. चाक अडकू न देणं हे त्याचं काम. वाळू-खडीवर ते तुम्हाला लवकर थांबवत नाही, उलट अंतर वाढूही शकतं. हे मला पुण्याजवळ एका बंदिस्त मैदानावर, एका दिवसाच्या प्रशिक्षणात कळलं. त्या दिवशी मुख्य काम ब्रेकचंच होतं. ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढे सरकतं, पुढचा टायर रस्त्यावर दाबला जातो आणि मग त्याची पकड वाढते. म्हणून खरा थांबवणारा ब्रेक पुढचाच. पण वजन पुढे यायच्या आधीच तो आवळला, तर चाक अडकतं. माझं नेमकं तेच झालं होतं.

आमच्याकडे पायरी आंबा खाताना आधी तो माचवतात. बोटं हलकी टेकवायची, आतला गर सैल होतोय हे कळू द्यायचं, मग दाब वाढवायचा. पुढच्या ब्रेकचं तसंच आहे, फरक इतकाच की सगळं अर्ध्या सेकंदात उरकायचं असतं.

अर्ध्या सेकंदाची ती सवय एका दिवसात अंगवळणी पडत नाही. महामार्गाच्या चौपदरीकरणात जुन्या रस्त्याचा एक सरळ तुकडा आमच्या गावाजवळ बाजूला पडलाय. तिथून गुरांशिवाय कुणी जात नाही. दर रविवारी सकाळी सातला मी आणि माझा भाचा तिथे. आधी खराट्याने खडी झाडून काढायची, मग चुन्याच्या फक्कीने एक आडवी रेघ. रेघेपासून पुढे एकेका मीटरवर नारळाची करवंटी पालथी घालायची. ताशी 40 च्या वेगाने यायचं आणि पुढचं चाक रेघेवर आलं की ब्रेक.

पहिल्या रविवारी मी पंधराव्या करवंटीपाशी थांबलो.

“मामा, परत,” भाचा म्हणाला. त्याने वहीत 15 लिहिलं आणि खाली पंधरा ओळी मोकळ्या सोडल्या.

दिवाळीपर्यंत आकडा नवावर आला. मग 60 चा वेग. वेग दीडपट केला की थांबायला सव्वादोनपट अंतर लागतं, हे शाळेत शिकलो होतो, पण करवंट्या कमी पडल्या तेव्हा ते खरं समजलं. भाचा शेजाऱ्यांकडून पोतंभर करवंट्या घेऊन आला. 60 च्या वेगात एका सेकंदात गाडी जवळजवळ 17 मीटर जाते, म्हणजे ब्रेकला हात घालायला सेकंदभर उशीर झाला तर सतरा करवंट्या फुकट. तेव्हापासून घाटात माझी दोन बोटं कायम ब्रेकच्या लिव्हरवर असतात.

ब्रेक सुधारला, पण वळणाची भीती गेली नाही. डावं वळण आलं की खांदे आखडायचे. मैदानावर शिकवणारे म्हणाले होते, ट्रॅकवर जा, तिथे समोरून कुणी येत नाही. दोन वर्षं पैसे साठवले. बायकोने एकदाच विचारलं, “तिथे पडलात तर?” मी म्हटलं, पडलो तर तिथे रुग्णवाहिका उभी असते, अणुस्कुऱ्यात नसते. माझा मोडलेला हात गळ्यात बांधायची पट्टी तिने अजून कपाटात जपून ठेवली होती. ती काही बोलली नाही.

चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई इथे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ट्रॅक आहे. एक फेरी सुमारे 3.7 किलोमीटर, वळणं 12. गाडी प्रशिक्षण देणाऱ्यांचीच, चामड्याचा सूटही भाड्याने. सकाळी गाड्यांची तपासणी. आरसे काढायचे, दिव्यांवर चिकटपट्टी लावायची. मग झेंडे समजावले. पिवळा दिसला की पुढे धोका आहे, ओव्हरटेक बंद. लाल दिसला की वेग कमी करून परत आत यायचं. वेगाची स्पर्धा नव्हतीच. अर्धा तास वर्ग, वीस मिनिटं ट्रॅक, असं दिवसभर चाललं. पहिल्या फेऱ्या एकाच गिअरमध्ये आणि ब्रेक न वापरता. आधी मला ते वेडेपणाचं वाटलं, पण त्यामुळे वळणात शिरताना किती वेग असावा याचा अंदाज डोळ्यांना स्वतःच बांधावा लागतो.

हँडलची गंमत तिथे उलगडली. डावीकडे वळायचं तर डावी मूठ पुढे ढकलायची. गाडी डावीकडे कलते आणि वळते. मी इतकी वर्षं नकळत तेच करत होतो, पण घाबरलो की दोन्ही हात ताठ व्हायचे आणि एक हात दुसऱ्याला अडवायचा. कोपर सैल सोडून मूठ ढकलली, तेव्हा गाडी पहिल्यांदा मी सांगेन तिथे गेली. मला अक्षरशः भरून आलं.

पण ज्यासाठी गेलो होतो ते दुपारच्या तिसऱ्या सत्रात मिळालं. प्रशिक्षक दोन फेऱ्या माझ्या मागून आले. आत आल्यावर त्यांनी कागदावर वळण काढलं आणि सांगितलं, तुम्ही प्रत्येक वळणात फार लवकर वळता. भीती वाटणारा माणूस लवकर वळतो, कारण त्याला वळण एकदाचं संपवायचं असतं. लवकर वळलं की आतली कडा लवकर लागते, आणि अजून वळण शिल्लक असताना गाडी बाहेर फेकली जाते. त्यांची पेन्सिल जिथे बाहेर गेली, तिथे मला एसटी दिसली.

म्हणजे माझं पडणं एसटी दिसल्यावर सुरू झालं नव्हतं. ते त्याआधी वीसएक मीटरवर, मी घाईने वळलो तिथे सुरू झालं होतं. पाऊस आणि ब्रेक नंतर आले.

संध्याकाळपर्यंत मी फक्त एकच काम केलं. बाहेरच्या बाजूला थांबायचं, वळणाचं दुसरं टोक दिसेपर्यंत वळायचं नाही, दिसलं की मान वळवून तिकडेच बघायचं आणि थ्रॉटल अगदी हळू, एकसारखा उघडत न्यायचा. मध्येच थ्रॉटल सोडला की वजन पुढे येऊन गाडी डगमगते, हेही तेव्हाच अंगाला कळलं. शेवटच्या सत्रात माझा वेग सकाळपेक्षा फार वाढला नव्हता, पण खांदे दुखत नव्हते.

घरी आल्यावर ऑक्टोबरात एका कोरड्या सकाळी ते वळण आधी पायी चाललो. मी पूर्वी जिथे वळायचो, तिथून पलीकडचं काहीच दिसत नाही. आठ-दहा पावलं पुढे एक ऐनाचं झाड आहे. तिथवर थांबलं तर दरीच्या कडेचा पांढरा कठडा आणि समोरून येणारी गाडी, दोन्ही दिसतात. आता मी ऐनापाशी वळतो. आपल्या लेनच्या आतच, मधल्या रेघेपासून हातभर आत राहून. ट्रॅकवर सगळा रस्ता आपला असतो, घाटात निम्माच. आरे-वारेच्या समुद्राकडच्या वळणांवर गुडघा टेकवायला निघालेली पोरं बघितली की जीव तुटतो. तिथे जांभ्याची लाल खडी रस्त्यावर येते, आंब्याच्या गाड्या येतात, आणि वळणापलीकडे बैल बसलेला असतो. मी ट्रॅकवरून नजर आणि हात घेऊन आलो. वेग तिथेच ठेवून आलो.

कंटेनर आता मागे उंच न बांधता कॅरिअरवर जितका खाली आणि पुढे घेता येईल तितका घेतो, दोन पट्ट्यांनी. पावसाळ्याआधी टायर बदलतो आणि दर सोमवारी सकाळी, गाडी थंड असताना, हवा तपासतो.

रविवारची करवंट्यांची रांग अजून लागते. आमच्या दवाखान्यातले दोघं येतात, भाच्याचे मित्र येतात. गेल्या महिन्यापासून बायकोही स्कूटर घेऊन येते. 30 च्या वेगातून ती पहिल्या दिवशी अकराव्या करवंटीवर थांबली होती. काल सातवीवर थांबली, हेल्मेटची काच वर केली आणि भाच्याला म्हणाली, “लिही.”