पात्रनिर्मितीची प्रगती: वंशातले आकडे गेले, कौशल्ये उरली

आमच्या गटासाठी मी लिहीत असलेल्या नियमावलीतील पात्रनिर्मितीचे प्रकरण आता टेबलावर खेळून पाहण्याजोगे झाले आहे. पाया डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर फाशांनी खेळायच्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीचाच ठेवला असून बदल मुख्यतः वंशांच्या (ड्वार्फ, एल्फ, ऑर्क अशा काल्पनिक जमातींच्या) भागात आहेत. त्यामागे एकच आग्रह आहे: वंशाने खेळाडूला काहीतरी करण्याजोगे द्यावे, नुसती बेरीज देऊन मोकळे होऊ नये.

सर्वप्रथम काढून टाकली ती ॲबिलिटी स्कोअरमधील, म्हणजे पात्राची ताकद, चपळाई, बुद्धी वगैरे मोजणाऱ्या आकड्यांतील, वाढ. २०१४ च्या नियमांत ड्वार्फला कॉन्स्टिट्यूशनमध्ये (काटकपणा) २, एल्फला डेक्स्टेरिटीत (चपळाई) २, तर हाफ-ऑर्कला स्ट्रेंथमध्ये (ताकद) २ आणि कॉन्स्टिट्यूशनमध्ये १ अशी वाढ मिळते. पॉइंट बायने, म्हणजे ठरावीक गुण खर्चून स्कोअर विकत घेत, पात्र करताना २७ गुण हाताशी असतात, प्रत्येक स्कोअर ८ पासून सुरू होतो, १३ पर्यंतच्या प्रत्येक पायरीला एक गुण लागतो, १४ आणि १५ या पायऱ्यांना दोन-दोन लागतात आणि १५ च्या वर जाताच येत नाही. आता १५ चा मॉडिफायर (फाशाच्या आकड्यात मिळवायची संख्या) २ आहे, तर १६ आणि १७ या दोन्हींचा ३. म्हणजे १५ वर वंशाकडून १ मिळो वा २, पहिल्या लेव्हलला पदरात पडतो तो वीस बाजूंच्या फाशावरचा एकच आकडा, अर्थात पाच टक्के. एवढ्याशा पाच टक्क्यांपायी हाफ-ऑर्क विझार्ड (बुद्धीवर चालणारा जादूगार) कोणी करायला धजत नाही आणि प्रत्येक मोहिमेत रॉग (चपळ चोर) म्हटला की डेक्स्टेरिटी वाढवणारा ठरावीक वंश, हे समीकरण कायम राहते.

२०२० मध्ये ही वाढ हव्या त्या स्कोअरवर नेण्याचा ऐच्छिक नियम आला आणि २०२४ च्या आवृत्तीने ती वंशाकडून काढून बॅकग्राउंडकडे (पात्राच्या पूर्वायुष्याकडे) सोपवली. प्रत्येक बॅकग्राउंडला तीन ॲबिलिटी नेमून दिल्या असून त्यांत २ आणि १ अशी किंवा तिन्हींत १ अशी वाढ करता येते. माझ्या मते यात दुखणे बरे झाले नाही, ते शेजारच्या घरात राहायला गेले. सोल्जरकडे स्ट्रेंथ, डेक्स्टेरिटी आणि कॉन्स्टिट्यूशन आहेत, सेजकडे कॉन्स्टिट्यूशन, इंटेलिजन्स आणि विज्डम. त्यामुळे फायटर पूर्वी सैनिक होता आणि विझार्ड पूर्वी पंडित होता, हे न विचारताच ठरून जाते. मी २ आणि १ ही वाढ कशालाही न बांधता मोकळी सोडली आहे.

वंशाकडे उरते काय, हा खरा प्रश्न होता आणि ड्वार्फने तो सोपा केला. २०१४ मध्ये दगडी बांधकामाच्या उगमाविषयी हिस्टरीची चाचणी (इतिहासाच्या ज्ञानासाठी फासा टाकणे) करावी लागली, तरच ड्वार्फचे दगडाचे ज्ञान उपयोगी पडत असे, म्हणजे डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) तसा प्रसंग आणेपर्यंत ते कॅरेक्टर शीटवर पडून राहणार. २०२४ मध्ये त्याच नावाखाली, दगडाला स्पर्श असेल तर दहा मिनिटे ६० फुटांच्या टापूतील हालचाल कंपनांवरून ओळखता येते. आता खेळाडू स्वतःहून भिंतीला तळहात लावतो आणि पलीकडच्या दालनात कोणी चालते आहे का, ते विचारतो. ही क्षमता मी जशीच्या तशी घेतली आणि उरलेल्या वंशांसाठी तीच मोजपट्टी ठरवली.

या मोजपट्टीवर डार्कव्हिजन (अंधारात दिसण्याची क्षमता) सपशेल नापास होते. २०१४ च्या नऊ मूळ वंशांपैकी सहांना ते आहे, २०२४ च्या दहांपैकी सातांना. शिवाय किमान ६० फुटांपर्यंतचा अंधार त्यांना केवळ मंद उजेडासारखा दिसतो आणि त्यात नजरेवर अवलंबून असलेल्या पर्सेप्शनच्या (भोवतालचे टिपण्याच्या) चाचणीला डिसॲडव्हान्टेज (दोनदा फासा टाकून कमी आकडा घेणे) असतो, हे बहुतेक टेबलांवर कोणाच्या लक्षातही राहत नाही. मशाल कोणी धरायची, हा भुयारातला रंगतदार वाद त्यामुळे संपून जातो. माझ्याकडे डार्कव्हिजन आता फक्त ड्वार्फला आहे.

हाफलिंगला हात लावलेला नाही. हल्ला, चाचणी किंवा सेव्हिंग थ्रोमध्ये (संकटातून वाचण्यासाठी टाकलेल्या फाशात) १ पडला की फासा पुन्हा टाकायचा, एवढा साधा नियम टेबलावर दर वेळी जल्लोष घडवतो.

एल्फने मात्र बराच वेळ घेतला. त्याच्या बहुतेक मूळ क्षमता आपोआप लागू होणाऱ्या आहेत. त्यांतून मी चार तासांची समाधी तेवढी उचलली आणि बाकीचे झोपलेले असताना उरणाऱ्या वेळात एक रात्रीचे काम करण्याची मुभा दिली. पहिल्या खेळात आमच्या एल्फने रोज रात्री परिसराची टेहळणी मांडली आणि बाकीचे खेळाडू हातात फासे घेऊन ताटकळत बसले. म्हणून आता नियम असा आहे की काम एका वाक्यात सांगायचे, फासा एकदाच टाकायचा आणि निकाल सकाळी सर्वांसमोर कळायचा.

मर्यादांबाबत जुन्या आवृत्त्यांचा मार्ग मी टाळला आहे. १९७४ च्या मूळ खेळात माणसांखेरीज इतर वंशांना लेव्हलची कमाल मर्यादा होती. ड्वार्फ फायटर सहाव्या लेव्हलला थांबत असे. अशी अट सुरुवातीला जाणवत नाही आणि मोहीम तिथवर पोहोचलीच नाही, तर ती कधीच लागू होत नाही. त्यापेक्षा पाथफाइंडर या तशाच खेळाच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीची रचना मला पटते, कारण तिथे पहिल्या, पाचव्या, नवव्या, तेराव्या आणि सतराव्या लेव्हलला वंशातून नवी क्षमता निवडता येते. आमच्या मोहिमा सहसा लांबत नसल्याने मी पहिली आणि पाचवी लेव्हल एवढेच टप्पे घेतले आहेत.

ऑर्क आणि नोम बाकी आहेत. ऑर्कसाठी धावून अंतर कापण्याची क्षमता जवळपास ठरली आहे. नोमच्या रकान्यात अजून फक्त लहान प्राण्यांशी बोलणे आहे आणि ते पाचव्या लेव्हलपर्यंत पुरेल असे वाटत नाही.