नाथसागराच्या काठावर एक खवला

लग्नाच्या निमित्ताने संभाजीनगरला गेलो. वेरूळ झालं, दौलताबाद झालं, पाहुण्यांकडे चारचारदा चहा झाला. त्यातलं काही लिहावंसं वाटत नाही. लिहायचंय ते पैठणबद्दल, आणि तिथल्याही एकाच सकाळबद्दल.

नाथांच्या समाधीचं दर्शन झाल्यावर आत्या पैठण्या बघण्यात रमली आणि मी जायकवाडीच्या पाण्याकडे निघाले. काठावर आदल्या रात्री कुणीतरी टाकलेल्या बाटल्या आणि द्रोण पाहून डोकं तडकलं. आम्ही लातूरची माणसं. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तेव्हाचे दिवस अंगात मुरलेत. पिण्याच्या पाण्याकाठी अशी घाण करणाऱ्यांबद्दल माझ्या मनात काडीची माया नाही.

थोडं पुढे गेले तर होड्या नुकत्या काठाला लागत होत्या. भोई मंडळी जाळ्यातून मासे सोडवत होती. कटला, रोहू, दोन-चार मरळ आणि चिलापीचा, म्हणजे तिलापियाचा, ढीग. त्यांच्यात पँटचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडलेली एक मुलगी मासे मोजपट्टीवर ठेवून लांबी टिपत होती. उदगीरच्या मत्स्य विज्ञान महाविद्यालयाची विद्यार्थिनी. आमच्याच जिल्ह्यातली म्हटल्यावर मी तिथेच दगडावर बसले.

तिने एका कटल्याच्या पाठीवरच्या पराखालून चिमट्याने एक खवला काढला, धुतला, दोन काचांमध्ये धरला आणि भिंग म्हाताऱ्या भोईबाबांच्या हातात दिलं. झाडाच्या खोडात असतात तशी वर्तुळं. मासा जोरात वाढतो तेव्हा रेषा विरळ पडतात, वाढ मंदावली की दाट.

"मग सांग की, ह्यो किती वर्साचा?"

"बाबा, आपल्याकडं पाणी वर्षभर उबदार असतंय. थंड मुलखातल्यासारखी ठळक वर्तुळं नाही उमटत. दोन-तीन वर्षांचा असावा, पण एका खवल्यावरून मी ठासून नाही सांगणार."

मला ती पोरगी तिथेच आवडली. भिंगातून बघणाऱ्या माणसाला खोटी खात्री न देणं फार थोड्या शिकलेल्यांना जमतं.

मग बोलायची पाळी बाबांची. पहिलं गढूळ पाणी आलं की मासा पोटात गाबोळी, म्हणजे अंडी, घेऊन वर कायगाव टोक्याकडे चढतो, कुठल्या वळणावर थांबतो, किती दिवस थांबतो, सगळं त्यांनी सांगितलं. तिने मोजपट्टी खाली ठेवली आणि शब्द न् शब्द लिहून घेतला. कारण रोहू, कटला, मृगळ हे मासे पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात, साचलेल्या पाण्यात नाही. १० जुलै १९५७ ला ओडिशातल्या अंगुलला पीयूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन त्यांचं प्रजनन घडवून आणता आलं, तेव्हापासून जिरे आणि बोटुकली, म्हणजे माशांची लहान-मोठी पिल्लं, तयार करून तलावात सोडता येतात. पण नदीवर चढणारी गाबोळीची मादी त्याच आठवड्यात बारीक जाळ्यात गेली, तर पुढच्या पिढीची आशा तिथेच संपते. कुठल्या आठवड्यात जाळी आवरायची, हे बाबांना ठाऊक आणि का आवरायची, हे तिला. चिलापीला असली अडचणच नाही. १९५२ साली भारतात आणलेला हा मासा साचलेल्या पाण्यातही वीण करतो आणि मादी अंडी तोंडात सांभाळते. ढीग उगाच नव्हता.

बहिणीकडे अमेरिकेला गेले होते, तेव्हा मिनेसोटात लेक सुपीरियरच्या काठी ड्युलुथला विद्यापीठाचं 'सी ग्रँट'चं, म्हणजे पाण्याकाठच्या लोकांसाठीच्या सरकारी योजनेचं, काम पाहिलं होतं. समुद्र तिथूनही कोसो दूर. अमेरिकेने १९६६ साली कायदा करून ही योजना आणली, आणि आज किनाऱ्यांवर आणि मोठ्या सरोवरांकाठी मिळून असे ३४ कार्यक्रम विद्यापीठांशी जोडलेले आहेत. शेतकी विद्यापीठांचा माणूस जसा बांधावर जातो, तसा यांचा माणूस धक्क्यावर जातो. संशोधन, शाळेतल्या पोरांना शिकवणं आणि मच्छीमारांशी बोलणं एकाच छपराखाली. केंद्राच्या दोन डॉलरमागे एक डॉलर कार्यक्रमाने स्वतः उभा करायचा, त्यामुळे स्थानिकांचाही जीव त्यात गुंततो.

आपल्याकडे मत्स्य महाविद्यालय म्हटलं की लोकांना रत्नागिरी आठवते, आणि ते बरोबरच आहे. पण १९७६ पासून इथे गोदावरीवर एवढा अफाट जलाशय आहे, त्यावर किती घरं जगतात. त्याच्या काठाला विद्यापीठाचा बारमाही माणूस का नसावा? दौऱ्यावर येऊन नमुने घेऊन जाणारा नको. इथे राहणारा, पावसाळ्यात बाबांच्या होडीत बसणारा हवा. शाळांच्या सहलीही बागेतच येऊन परत जातात. ज्या पाण्यावर आपण जगतो त्यातला मासा पोरांनी हातात घेऊन बघायला नको?

आत्याचे फोनवर फोन येत होते. निघताना मी त्या मुलीला पुढचं विचारलं. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास चाललाय म्हणाली. "पाण्याजवळची नोकरी निघाली तर तीच घेईन. पण जागा निघायला पाहिजेत ना, ताई."

बाबा जाळं झटकत होते. मान वर न करताच म्हणाले, "नोकरी निघंल तवा निघंल. खोली माझ्या घरात हाय, भाडं नको. फकस्त गढूळ पाणी यायच्या आधी ये."

"जूनमध्ये येते," ती म्हणाली आणि वहीत त्यांचा नंबर लिहून घेतला.