अप्पांच्या 100 शेअरचे 500 झाले, पण हातात यायला आठ महिने गेले

परवा सोलापुरात सात रस्त्यावरनं जाताना अप्पांचं खातं असलेल्या बँकेची ती शाखा दिसली आणि परत डोकं तापलं, म्हणून म्हणलं लिहूनच टाकू.

आमच्या अप्पांनी 1994 साली एका जुन्या छोट्या खाजगी बँकेचे 100 शेअर घेतलते. दर्शनी किंमत 10 रुपये, प्रीमियम धरून 30 ला एक पडला. आपल्याकडं घरटी सहकारी बँकेचे शेअर असतात त्यामुळे अप्पांना हे पण तसलंच वाटायचं, कागद ट्रंकेत टाकायचा आणि वर्षाला लाभांश घ्यायचा. सहकारीत बाहेर पडताना दर्शनी किंमतच परत मिळते, बाजारभाव वगैरे काही नसतो. ही बँक शेअर बाजारातली. मधे तिनं 10 चा शेअर 2 चा केला, म्हणजे स्प्लिट, 100 चे 500. आमची नवीन सर्टिफिकेटं पोस्टानं गेली मिलच्या चाळीत, आणि आम्ही 2003 लाच जुळे सोलापूरला आलेलो. ती परत गेली आणि ट्रंकेतलं जुनं सर्टिफिकेट रद्द. फ्रेम करायच्या लायकीचं फक्त.

शेजारचे काका म्हणाले अरे पाचपट झाले की! तर तसं काही नसतं बगा. शेअर पाचपट, भाव एक पंचमांश, एकूण तेवढंच. लाभांशाची टक्केवारी दर्शनी किमतीवर असते, 40 टक्के म्हणजे आधी शेअरमागं 4 रुपये, नंतर 80 पैसे. अप्पा 80 पैसे ऐकून चिडले, बँक बुडायला लागली म्हणाले. 100 गुणिले 4 आणि 500 गुणिले 80 पैसे, दोन्ही 400 च, हे कॅलेंडरच्या मागं लिहून दाखवलं तेव्हा कुठं पटलं.

शेअरचं रेकॉर्ड ठेवणाऱ्या कंपनीला, म्हणजे आरटीएला मेल केला तर कळलं की शेअर अनक्लेम्ड सस्पेन्स अकाउंटमधे, म्हणजे मालकापर्यंत न पोचलेले शेअर ठेवायच्या खात्यात आहेत. मालकी अप्पांचीच, पण मतदान गोठवलेलं. सलग सात वर्षं लाभांश घेतला नाही तर शेअर सरकारच्या आयईपीएफ नावाच्या फंडात जातात आणि मग वेगळं लफडं. आमचं सहावं चालू होतं. डिमॅट, म्हणजे शेअर कागदाशिवाय ठेवायचं खातं उघडलं, केवायसीचा फॉर्म आयएसआर-1, शेअर परत मागायचा आयएसआर-4, नॉमिनीचा एसएच-13, हे सगळं एका आठवड्यात झालं.

अडलं आयएसआर-2 वर. 1994 ची सही आणि आताची सही जुळत नसेल तर तुमचं खातं असलेल्या बँकेनं आताच्या सहीला दुजोरा द्यायचा, एवढाच तो फॉर्म. एक पान! पहिल्यांदा शाखेत गेलो तर काउंटरवरचा म्हणाला हा आमचा फॉर्म नाही. म्हणलं तुमचा नाहीच हो, सेबीचा, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाचा आहे, तर म्हणे मग सेबीत जा. दुसऱ्यांदा मॅनेजर रजेवर. तिसऱ्यांदा मॅनेजर भेटले, म्हणाले खातेदाराला समोर आणा. मे महिना, सोलापूरचं ऊन, 81 वर्षांचा माणूस, शाखा पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. अप्पांना रिक्षातनं नेलं, जिन्यात दोनदा बसवलं. वर गेल्यावर साहेब स्क्रीनवर बघून म्हणतात खात्यावर सही मराठीत आहे, फॉर्मवर इंग्रजीत केलीय, नाही चालणार. बरोबरच होतं त्यांचं, पण हे आधी सांगायला काय झालतं! फॉर्मचा कोरा झेरॉक्स होता पिशवीत म्हणून वाचलो, तिथंच मराठीत सही केली. हात थरथरतो, तीनदा करायला लावली. वर साहेबांनी विचारलं, एवढं करून किती शेअर आहेत? मी काही बोललो नाही. अप्पा बोलले. म्हणाले, तुम्ही शाळेत होता तेव्हापासून आहेत.

सही झाली, शिक्का झाला, स्पीड पोस्टनं पाठवलं. पंचवीस दिवसांनी आरटीएचा ऑब्जेक्शन मेमो. कारण काय, तर अधिकाऱ्याचा एम्प्लॉयी कोड लिहिलेला नाही, आणि जोडलेल्या कॅन्सल चेकवर खातेदाराचं नाव छापलेलं नाही. परत शाखा. नाव छापलेलं चेकबुक यायला दहा दिवस. कोडसाठी नवीन फॉर्म, आणि नवीन फॉर्म म्हणजे अप्पांची सही परत, यावेळी मी सही घरूनच आणली आणि तरी साहेबांनी काही न विचारता शिक्का मारला. म्हणजे आधीचा जिना कशासाठी होता?

मग आरटीएनं दीड महिना उत्तरच दिलं नाही. सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर तक्रार टाकली, तिथं 21 दिवसांची मुदत असते. तेराव्या दिवशी लेटर ऑफ कन्फर्मेशन, म्हणजे सर्टिफिकेटऐवजी मिळणारं पत्र, निघालं सुद्धा. हे पत्र 120 दिवसांच्या आत डिमॅटच्या अर्जासोबत द्यायचं होतं, कपाटात ठेवून विसरून चालणार नव्हतं. आणि डिमॅटवरचं नाव सर्टिफिकेटवरच्या नावाशी जुळायला पाहिजे, जॉइंट असेल तर नावांचा क्रमसुद्धा.

विकायचे असतील तर टॅक्सचं बघा. स्प्लिटमुळं खरेदीची तारीख बदलत नाही, 1994 च राहते, किंमत फक्त वाटली जाते, 3000 भागिले 500 म्हणजे शेअरमागं 6 रुपये. बोनस म्हणून फुकट मिळालेल्या शेअरचं तसं नाही, त्यांची तारीख मिळाल्यापासून. जुन्या शेअरला खरेदीची किंमत म्हणून 31 जानेवारी 2018 चा भाव धरायची सोय आहे, पण स्प्लिट त्यानंतरचा असेल तर तो भावही त्याच हिशोबानं भागायचा. मोबाइलवरच्या चार्टमधे बऱ्याचदा आधीच भागलेला असतो, दोनदा भागू नका. माझा मेहुणा भागत होता.

अप्पांना मोबाइलवर 500 आकडा दाखवला. चष्मा पुसून बघितला आणि विचारलं, सर्टिफिकेट कुठंय? म्हणलं आता सर्टिफिकेट नसतं. मग ते जुनं रद्द झालेलंच परत ट्रंकेत ठेवायला लावलं.