भाऊबीज झाली की बदामी, अष्टमीला गोकर्ण

रविवार, रात्री

आधी दगड, मग समुद्र. आज जेवताना हे एकदाचं ठरलं.

दादाचं म्हणणं उलट होतं. आधी गोकर्णला जाऊ, लाटांवर मनसोक्त खेळू आणि परतताना बदामी करू. पण चढाईचं सगळं भांडवल बोटांच्या टोकांच्या कातडीत असतं. खाऱ्या पाण्यात सकाळ-संध्याकाळ भिजलेली कातडी मऊ पडते, सर्फिंगच्या बोर्डवर पालथं पडून हातांनी पाणी मारून मारून खांदे भरून येतात. तेच हात घेऊन बदामीचा वालुकाश्म धरायला गेलं तर पहिल्याच रूटवर, म्हणजे चढाईच्या वाटेवर, बोटं सोलवटणार. आधी बदामी केली तर सोललेल्या बोटांना समुद्रात मीठ झोंबेल, एवढंच. झोंबणं सोसता येतं. दादाने दोन घास शांतपणे खाल्ले आणि म्हणाला, "बरं, तुझं खरं." मला फार बरं वाटलं, कारण त्याला नुसतं हो म्हणायला लावायचं नव्हतं, पटवायचं होतं.

ही सहल दोन्ही गोष्टींची असावी हा हट्ट पुतणीचा. ती शिवाजीनगरच्या क्लायंबिंग वॉलवर चढते, आणि टीव्हीवर टोकियोचं ऑलिंपिक बघितल्यापासून तिच्या डोक्यात हे बसलंय. २०२१ मध्ये झालेल्या त्या स्पर्धेत क्लायंबिंग आणि सर्फिंग दोन्ही पहिल्यांदाच आले. "आत्या, दोन्ही एकदमच आले ना, मग आपणही एकदमच करू." या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नाही आणि मला ते शोधायचंही नाही.

तिने खरा दगड हाताळलाय तो आपल्या सह्याद्रीतला. बसाल्टचा कातळ, मध्येच घसारा, मध्येच गवत, आणि धरलेला प्रत्येक दगड आधी ठोकून बघायचा. बदामीचा लाल वालुकाश्म वेगळा. उभ्या भिंतींना आडव्या खाचा, बोटं आत जातील अशा, आणि चढाईच्या भिंतींवर दोर अडकवायला बोल्ट मारलेले. तिला तिथे पहिल्यांदा लीड करू द्यायचं, म्हणजे दोर अडकवत पुढे चढू द्यायचं, माझ्या मनात आहे. एकच गोष्ट मी तिला आज दोनदा सांगितली. पाऊस झाला असेल तर हात लावायचा नाही. वालुकाश्म पाणी पितो, वरून कोरडा दिसला तरी आत ओल राहते, आणि ओला असताना तो कमजोर होतो. खाच तुटली तर आपण पडू ते वेगळं, पण पुढच्या माणसासाठी ती खाच कायमची गेली. ऑक्टोबरमध्ये तिकडे परतीचा पाऊस रेंगाळू शकतो. म्हणून दिवाळीआधी नाही, भाऊबीज झाल्यावरच निघायचं. लेणी बघायची ती वेगळ्या वेळी, चपला काढून आणि हातांना लावायच्या चॉकची पिशवी गाडीत ठेवून. तिसऱ्या लेण्यातला शिलालेख शके ५०० चा, म्हणजे इ.स. ५७८ चा. चालुक्यांनी कोरलेल्या त्या दगडाला आपण हात लावायचा नाही.

समुद्राचं गणित मात्र पंचांगावरच बसलं, आणि त्याचा मला आज दिवसभर आनंद आहे. माझं आजोळ रत्नागिरीकडचं. तिथे लहानपणीच शिकवतात की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे पहाटे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. गोकर्णला थोडंफार इकडेतिकडे होईल. दिवाळीची अवस म्हणजे उधाण. तेव्हा पाणी खूप चढतं, खूप उतरतं, आणि त्याची ओढही जास्त. अष्टमीला भांगाची भरती, पाण्याचा चढउतार कमी. पहिल्यांदाच फोमच्या बोर्डवर उभी राहणाऱ्या मुलीसाठी मला तेच हवं. भाऊबीज द्वितीयेची. बदामीचा मुक्काम आटोपून, हुबळी, यल्लापूर, अरबैल घाट, अंकोला असं उतरलो की बरोबर अष्टमीच्या आसपास गोकर्ण येतं.

पाण्यात शिरायचं ते सकाळीच. शाळेत भूगोलात शिकलेले मतलई वारे इथे कामाला येतात. सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, येणाऱ्या लाटेला समोरून थोपवून धरतो, त्यामुळे लाट उभी राहते आणि नीट फुटते. दुपारी खारे वारे सुटले की सगळं पाणी कालवल्यासारखं होतं. दादाला मी हेही दाखवलं की अंदाजात नुसती लाटेची उंची बघायची नाही, दोन लाटांमधले सेकंद बघायचे. पाच-सहा सेकंद असतील तर ती जवळच्या वाऱ्याने उठलेली खळबळ. बारा-चौदा असतील तर ती लाट दक्षिणेकडून, दूरच्या महासागरातून चालत आली आहे. म्हणून बदामीचे दिवस मी आखून टाकलेत, गोकर्णचे मोकळे सोडलेत. समुद्र जो देईल ते घ्यायचं. नाहीच दिलं तर कुडले बीचवर पोहायचं. ओढीत सापडलं तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर यायचं, हे पुतणीकडून पाठ करून घेतलंय.

दुपारी ऊन पडलं तेव्हा गच्चीवर दोर पसरून तपासला. साठ मीटरचा दोर एका टोकापासून दोन बोटांत धरून सरकवत न्यायचा, डोळे मिटून. आतला गाभा दबला असेल तिथे बोटांना मऊ खळगा लागतो. मधोमध काही नाही. एका टोकाशी, जिथे आठची गाठ सारखी बसते, तिथे वरचं आवरण फुगलंय आणि दोर चिमटीत धरला की सरळ दुमडतो. ते टोक कापायचं. म्हणजे दोर साठाचा राहणार नाही. मग तीस मीटरच्या रूटवरून उतरवताना दोर कमी पडेल, त्यामुळे छोटेच रूट निवडायचे आणि खालच्या टोकाला न चुकता गाठ मारायची. नव्या लांबीचा आकडा दोराच्या पिशवीवर मार्करने लिहायला पुतणीला सांगितलंय. तिनेच बिले द्यायचंय, म्हणजे खालून माझा दोर सांभाळायचाय, तर आकडा तिच्या हातचा असू दे.

गोकर्णला ही पिशवी गाडीतून बाहेर काढायची नाही, मिठाने कॅराबिनरची, म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या कड्यांची, गेट अडकायला लागतात. बोर्ड तिथेच भाड्याने घेऊ.

आईला तंबू, दोर यातलं काही पटत नाही, पण बदामी म्हटल्यावर ती उठून देवघराकडे गेली. बनशंकरी आमची कुलदेवता. तिने खण-नारळ काढून ठेवलेत आणि गोकर्णला महाबळेश्वराचं दर्शन चुकवायचं नाही म्हणून बजावलंय. बदामीत तंबूसाठी कुणाचं शेत मिळतंय का ते उद्या विचारायचं. वानरं फार आहेत, त्यामुळे खाण्याचं सामान डिकीतच. आणि वहिनीला विचारायचं, ती येणार की नाही. ती आली तर मोठा तंबू काढावा लागेल, त्याचा एक खांब वाकलाय.